हाकेच्या अंतरावरची मदत

मूल वाळत चालले आहे, बोलायला उशीर करते आहे, वडील गेल्यापासून शाळेत रमत नाही, अशा वेळी घराला आधी हवे असते ते जवळचे, ओळखीचे माणूस. जिल्हा रुग्णालय, बाल कल्याण समिती, न्यायालय या पुढच्या पायऱ्या. अडचण सुरू झाली आहे पण अजून हाताबाहेर गेलेली नाही, अशा टप्प्यावर कुटुंबाला कोण, किती लवकर आणि कशा रीतीने हात देते, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय. समाजकार्य, बालशिक्षण, सार्वजनिक आरोग्य, प्रशासन, कुठल्याही शाखेतून तुम्ही आलेले असा, इथे तुमचे मनापासून स्वागत आहे.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात शोधायची तर बोर्डीला जावे लागते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले, तेव्हा आणखी एक गाठ दिसली. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, आणि मुलगा गुरांमागे. म्हणून तिथल्या ‘विकासवाडी’ या संकुलात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या गैरहजेरीचे कारण त्यांनी घराच्या कामकाजात शोधले. माझ्या मते आपल्या क्षेत्राची सगळी शिस्त या एका शोधात आहे, आणि ती पुन्हा पुन्हा शिकावी लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी व्यवस्थेत आली. तिचा विस्तार, निधी, फेरबदल यांवर वाचायला पुष्कळ मिळेल. इथे त्यात शिरत नाही.

गडचिरोलीकडे मात्र थांबून पाहायला हवे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घ्यायची पद्धत बसवली. गावातलीच बाई आरोग्यदूत म्हणून शिकली. ती बाळाचे वजन करी, पूर्ण मिनिटभर श्वास मोजी, बाळाला ऊब मिळते ना ते पाही, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देई. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अहवाल छापून आला. यातले औषध नवे नव्हते. ते शेजारणीच्या हातून, बाळाच्या घरात, वेळेवर पोचले हे नवे होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागे हे काम आहे.

आता अंगणवाडीतली दंडघेराची पट्टी हातात घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल रंग, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, सेविकेच्या भाषेत ‘सॅम’. पट्टी एवढेच सांगते. आई लावणीला जाते, मूल आजीपाशी असते, आजीला नीट दिसत नाही, घरपोच आहाराची पाकिटे घरातली चारही मुले खातात, हे सेविकेला ठाऊक असते. ग्राम बाल विकास केंद्रात अशा मुलाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवायचे असते. पण दर वेळी त्याला तिथवर आणायचे कोणी? कोसबाडचा तोच प्रश्न. तो सोडवला नाही तर उत्तम आहारही वाया जातो.

पैशाच्या मदतीचेही तसेच. बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात; एकट्या पडलेल्या आईला त्यांचा मोठा आधार असतो. मात्र योजना आहे हे तिला कळायला आणि कागद जुळायला कुणीतरी सोबत लागते.

ही सोबत करणाऱ्या बाईला आपण पगार देत नाही, मानधन देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. तिच्या ओळखीपाळखीवर उभी असलेली व्यवस्था तिच्या कामाचे मोल करीत नाही, हे मला अन्यायाचे वाटते, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने त्याकडे डोळेझाक करू नये.

या अभ्यासाला कुठून लागावे असे विद्यार्थी विचारतात. मी ऊसतोडीकडे बोट दाखवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुले बरोबर, मजुरांच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत. गावातल्या सेविकेकडे मुलाचे वजन, लसी, आजारपण सगळे नोंदलेले असते, पण ती मागे राहते. तळावर पोचलेले मूल तिथल्या सेविकेला अनोळखी असते, आणि आई पहाटेच फडात गेलेली असते. नोंद मोबाइलवरून पुढे पाठवता येते. घराची ओळख पाठवता येत नाही. ती तळावर नव्याने कोण करून घेणार, किती दिवसांत, आणि तोवर ते मूल कुणाच्या भरवशावर, हे गाव आणि तळ अशा दोन्ही ठिकाणी जाऊन तपासायला हवे. हंगाम सहा महिन्यांच्या आत उरकतो, म्हणून तयारी पावसाळ्यातच करा.