युरेनियमचा बाण, टंगस्टनचा बाण

१/ रणगाड्याचे चिलखत भेदणाऱ्या या गोळ्यात स्फोटके नसतात. जड धातूचा हा लांब, सडपातळ बाण सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धडकतो आणि केवळ आघाताच्या बळावर पोलाद फोडतो.

२/ त्यासाठी शिशाहूनही कितीतरी घन धातू लागतो. पर्याय दोन: टंगस्टन आणि क्षीण युरेनियम. अणुइंधन तयार करताना उरणारे हे युरेनियम स्वस्त पडते. आघाताने टंगस्टनचे टोक बोथट होते. युरेनियमचे मात्र झिजताझिजता अधिक अणकुचीदार होते आणि त्याचे कण पेट घेतात.

३/ १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्यांनी आणि ए-१० विमानांनी असा दारूगोळा मोठ्या प्रमाणावर वापरला. काही अब्राम्सच्या चिलखतातही हाच धातू होता. युद्ध सहा आठवड्यांत संपले. मागे राहिली सुमारे ३०० टन युरेनियमची धूळ आणि तुकडे. ही धूळ शरीरात गेल्यास मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षांचे आहे.

४/ पुण्यातील पाषाण येथील ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने अर्जुन रणगाड्यासाठी १२० मिलिमीटरचा असाच बाण विकसित केला. तो टंगस्टनच्या मिश्रधातूचा आहे.

५/ या निवडीचे मोल अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर उमगते. तेथे रणगाड्यांचा गोळीबार सराव चालतो आणि त्या मैदानाच्या कडेलाच गावे व शेते आहेत. शस्त्र निवडताना ते काय भेदते याइतकेच ते मातीत काय सोडून जाते, हेही पाहावे लागते.