मोबाईलची बॅटरी फुगली, तर फोन वापरू नका

मागचं झाकण उचललं जातं, स्क्रीन कडेने सुटते. तरी फोन चालतोय म्हणून लोक तसाच वापरतात. लिथियम-आयन बॅटरीतलं रसायन उष्णतेने, जुनेपणाने किंवा खराब चार्जरमुळे फुटून त्याचा गॅस होतो आणि पाकिटातच कोंडतो. त्यातला काही गॅस पेटणारा असतो. उन्हात किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन जास्त तापतो. टाचणीने हवा काढण्याचा उद्योग तर नकोच. आतले थर एकमेकांना टेकले की भडका उडतो. फोन बंद करून बॅटरी दुकानातच बदलावी. जुनी बॅटरी ‘टाका कुठंबी’ असं दुकानदार म्हणेल, पण उकिरड्यावर तीच पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.