मास्लोचा गरज-सिद्धांत

मास्लोचा गरज-सिद्धांत : माणसाच्या प्रेरणांचे मूळ त्याच्या गरजांत शोधणारा आणि त्या गरजांना अग्रक्रम लावणारा मानसशास्त्रीय सिद्धांत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो (१ एप्रिल १९०८ – ८ जून १९७०) याने तो १९४३ मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडला आणि १९५४ च्या ‘मोटिव्हेशन अँड पर्सनॅलिटी’ या ग्रंथात विस्तारला. अन्नपाणी व झोप, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, मानसन्मान आणि अखेर अंगच्या क्षमता पुरेपूर फुलवण्याची ओढ, म्हणजे आत्मवास्तविकीकरण, असा हा क्रम आहे. खालची गरज बऱ्यापैकी भागली की वरची डोके वर काढते, असे मास्लो म्हणतो.

सिद्धांताची मुळे अनेक ठिकाणी सापडतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लोच्या हाताखाली मास्लोने माकडांमधील वर्चस्वाचा अभ्यास केला. आत्मवास्तविकीकरणाची संकल्पना त्याने मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या कुर्ट गोल्डस्टाइनकडून घेतली. १९३८ च्या उन्हाळ्यात तो कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट जमातीत काही आठवडे राहिला. गरजांचा क्रम दाखवणारा प्रसिद्ध पिरॅमिड त्याने या जमातीच्या तंबूवरून उचलला, असे अलीकडे सांगितले जाते. पण पिरॅमिड मुळात मास्लोने काढलेलाच नाही. तो १९६० च्या सुमारास व्यवस्थापनविषयक लेखनात अवतरला, आणि कामगाराला कामाला कसे लावावे हे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांतून जगभर पोचला. मूळ मांडणीतला लवचिकपणा त्या त्रिकोणात उरला नाही.

पुराव्याची बाजू सुरुवातीपासूनच लंगडी आहे. आत्मवास्तविकीकरण साधलेल्यांची लक्षणे मास्लोने लिंकन, आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशा स्वतःच निवडलेल्या व्यक्तींवरून ठरवली. सर्वसाधारण नागरिकाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के भागलेल्या असतात, हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतल्याचे त्याने १९४३ मध्येच लिहिले होते. १९७६ मध्ये वहाबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरच्या संशोधनाची छाननी केली; क्रमाला फारसा आधार मिळाला नाही. टे आणि डीनर या संशोधकांनी २०११ मध्ये १२३ देशांची माहिती तपासली. गरजा भागणे आणि समाधान यांचा संबंध जगभर आढळला, परंतु खालच्या गरजा अपुऱ्या असतानाही वरच्या गरजा भागल्याचे समाधान लाभते, असेही दिसले. थोडक्यात, गरजांची यादी टिकली, क्रम टिकला नाही.

त्या क्रमाची कसोटी पाहण्यास मुंबईचे गिरणगाव उत्तम जागा आहे. कॉटन ग्रीनची कापूस-गोदामे, काळाचौकी, लालबाग, परळ या पट्ट्यात एका खोलीत पाळीपाळीने झोपणे, खानावळीचे महिन्याचे खाते आणि वाण्याकडची उधारी हेच गिरणी कामगारांचे रोजचे जगणे होते. मास्लोच्या हिशेबाने हे लोक पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडकायला हवेत. प्रत्यक्षात त्याच खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे, भजनी मंडळे, तालमी आणि कामगार रंगभूमी उभी राहिली. नारायण सुर्वे गिरणीत राबले आणि कवी झाले. पोट भरण्याची वाट पाहत कविता थांबली नाही.

सर्वांत बोलके उदाहरण १९०८ चे. २२ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि वर्षाला एक दिवस या हिशेबाने गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. (मास्लो तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.) मागणी मजुरीवाढीची नव्हती, पाठीशी संघटनेचा निधी नव्हता. रस्त्यावर लष्कर उतरले, गोळीबारात माणसे मेली. ध्येयासाठी सर्वस्व सोडणारे अपवाद मास्लोला मान्य होते. बालपणी गरजा नीट भागलेल्यांत पुढे असा कणखरपणा येतो, अशी त्याची सारवासारव आहे. रत्नागिरी-साताऱ्याच्या तुकड्यातुकड्यांच्या शेतीवर न भागल्याने मुंबईची वाट धरणाऱ्यांना ती लागू करणे धाडसाचे ठरेल. शिवाय प्रत्येक अपवादाला अशी पळवाट मिळत असेल, तर सिद्धांत चुकीचा ठरण्याची सोयच राहत नाही.

१९८२ चा संप मात्र पुरावा म्हणून जपून वापरावा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारीला सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ आणि बोनस हे उघड पोटाचे प्रश्न होते. त्याच वेळी, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेली प्रतिनिधित्वाची मक्तेदारी मोडून आपला पुढारी आपणच निवडू, हा आग्रहही तितकाच चिवट होता. पहिल्या मागणीवर बोट ठेवले तर मास्लो खरा वाटतो, दुसरीवर ठेवले तर खोटा. भांडी विकून, गावी परतून महिनोन्महिने टिकलेल्या कामगारांनी या दोन मागण्या वेगळ्या काढल्या नव्हत्या. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.