समाजमाध्यमांवरील प्रतिसाद : मुख्य प्रवाहातील आणि विकेंद्रित मंच (संदर्भ : शाहूपुरी, कोल्हापूर)

समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर लोक पाहतात, त्याला लाइक देतात, त्यावर उत्तर लिहितात, तो पुढे पाठवतात किंवा न बोलता जपून ठेवतात. या सगळ्याला मिळून प्रतिसाद म्हणतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) हे मुख्य प्रवाहातील मंच एकेका कंपनीच्या मालकीचे आहेत. व्हॉट्सॲप वगळता कोणाला काय दिसावे हे तिथे कंपनी ठरवते. मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित मंचांवर अनेक स्वतंत्र सर्व्हर असतात, प्रत्येकाचा चालक आणि नियम वेगळे असतात, आणि तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो. कोल्हापूरकराला ही रचना समजायला जड जाऊ नये. शहरातल्या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ स्वतंत्र आहेत, त्यांचा कारभार आणि पाठीराखे वेगळे आहेत, पण कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नियमांखाली ते एकाच मैदानावर खेळतात. विकेंद्रित मंचांवर या सामायिक नियमांचे काम ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे प्रमाणक करते. जानेवारी २०१८ मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची मान्यता मिळाली.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली शाहूपुरी ही गुळाच्या अडतींनी नावारूपाला आलेली पेठ. पुढे गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला. पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा क्रमांकांनी ओळखली जाणारी ही वस्ती मात्र दुकाने, गोदामे आणि घरे यांनी आजही गजबजलेली आहे. तिच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडतात. पंचगंगेला पूर आला की पाणी जयंती नाल्यातून मागे सरकत याच भागात शिरते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ हा पावसाळ्यात प्रत्येक गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा प्रश्न, आणि प्रतिसाद म्हणजे काय हे त्यातून नेमके कळते. इथे लाइकला काही किंमत नाही. आकडा वेळेवर आला का, तो खरा आहे का आणि त्यावर विसंबून खालच्या मजल्यावरचा माल वर चढवला गेला का, एवढेच महत्त्वाचे असते.

मुख्य प्रवाहातील मंचांची ताकद त्यांच्या पसाऱ्यात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे माहिती तंत्रज्ञान नियम जाहीर करताना दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी, यूट्यूबचे ४४.८ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी, इन्स्टाग्रामचे २१ कोटी आणि ट्विटरचे १.७५ कोटी वापरकर्ते होते. मॅस्टोडॉनचे जगभरातले मासिक सक्रिय वापरकर्ते सर्वाधिक झाले तेव्हाही, म्हणजे २०२२ च्या अखेरीस, सुमारे २५ लाख होते आणि नंतर ते दहा लाखांच्या आसपास उतरले. मूर्तिकाराला गणपतीचे फोटो गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचे असतील, तर गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच त्याला जावे लागते. त्यात त्याची काही चूक नाही.

या पसाऱ्याचा जोर कोल्हापूर जिल्ह्याने २०२५ च्या उन्हाळ्यानंतर अनुभवला. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ राहिलेली महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै रोजी तसा निर्णय दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो महिनाअखेरीस कायम ठेवला. निरोपाच्या मिरवणुकीचे व्हिडिओ रील्समधून घरोघरी पोचले आणि मठाशी काही संबंध नसलेली माणसेही हळहळली. वनताराशी जोडलेल्या उद्योगसमूहाची मोबाइल सेवा सोडून नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची मोहीम गावोगावी सुरू झाली. स्वाक्षऱ्यांच्या मोहिमेने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पायी आले. आठवडाभरात वनताराने नांदणी परिसरातच हत्तीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्यास सहकार्याची तयारी जाहीर केली. पडद्यावरची हळहळ रस्त्यावर उतरली आणि तिचा परिणाम झाला, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अनोळखी माणसासमोर व्हिडिओ आणून ठेवणाऱ्या शिफारस यंत्रणेशिवाय ही लाट इतक्या वेगाने उठली नसती. मॅस्टोडॉनवर अशी यंत्रणा जाणूनबुजून ठेवलेली नाही.

अशाच वेगाने विष पसरले तर काय होते, हेही याच शहराने पाहिले आहे. जून २०२३ मध्ये काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव वाढला. ७ जूनच्या बंदच्या दिवशी दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि प्रशासनाने जिल्ह्यातील इंटरनेट बंद केले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठार मारले होते. देशभरात घडलेल्या अशा हत्यांनंतर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पुढच्या वर्षी ती जगभर लागू झाली. पुढे पाठवण्याची सोय किती सैल ठेवायची हा मंच बांधणाऱ्याचा निर्णय असतो आणि त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागू शकते, हे राईनपाड्याने दाखवले.

कंपनीच्या मंचावर जमवलेला श्रोता निर्मात्याच्या मालकीचा नसतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने कुटुंब आणि मित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि पानांची पोच घटली. वर्षानुवर्षे पान चालवणाऱ्या छोट्या वृत्तपत्रांना आणि मंडळांना स्वतःच्याच वाचकांपर्यंत पोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजण्याची वेळ आली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या कलाकारांचे लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले, कारण ती यादी उचलून दुसरीकडे नेण्याची काहीच सोय नव्हती. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये मिटले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ २०२० मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले. देशी मालकी असली तरी मंच एकाच कंपनीच्या हाती असला, तर त्याचे भवितव्य तिच्या गुंतवणूकदारांशी बांधलेले असते.

विकेंद्रित मंचांची कहाणी इथून सुरू होते. जर्मनीतील ऑयगन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन लोकांपुढे आणले. भारतीयांची पहिली मोठी तुकडी तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्याचा तो निषेध होता. त्यातले बहुतेक जण काही आठवड्यांत परतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतल्यावर जगभरातून दुसरी, मोठी लाट आली आणि तीही बरीचशी ओसरली. परतण्याची कारणे दोन्ही वेळा जवळपास सारखीच होती. सर्व्हर निवडण्याचा पहिलाच टप्पा गोंधळात टाकतो, ओळखीची माणसे दिसत नाहीत, आणि शोध दुबळा आहे. वापरकर्त्याच्या संमतीने पूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय मॅस्टोडॉनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तोवर सगळी भिस्त हॅशटॅगवर होती. मराठीत लिहिणाऱ्याला याचा अधिक त्रास होतो, कारण मुळात विखुरलेले मराठी वाचक त्याला हुडकून काढावे लागतात. ट्विटरवर हेच काम सोपे होते. २०१६ मध्ये तिथे मराठी ट्विटर संमेलन भरले, तेव्हा एका हॅशटॅगखाली कविता, पुस्तके आणि बोलीभाषा यांवर लिहिणारे शेकडो लोक एकमेकांना सापडले.

तरीही विकेंद्रित मंचांवरचा प्रतिसाद वेगळ्या जातीचा आहे. मॅस्टोडॉनची मुख्य यादी काळाच्या क्रमाने चालते. ज्याला फॉलो केले त्याचा मजकूर दिसतो आणि मधे जाहिरात येत नाही. सर्व्हर सोडायचा झाला तर फॉलोअर नव्या खात्याकडे वळवता येतात, जुना मजकूर मात्र मागेच राहतो. बाहेरच्या दुव्याला दाबून ठेवणारा मालक नसतो. एक्सवर मुख्य पोस्टमध्ये दुवा न देता तो उत्तरात द्यावा, असा सल्ला खुद्द मस्क यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता. वाचकाला आपल्या संकेतस्थळावर आणू पाहणाऱ्या नियतकालिकासाठी हा फरक जगण्यामरण्याचा आहे. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओने एप्रिल २०२३ मध्ये ट्विटर सोडले. सहा महिन्यांनी पाहिले, तर त्यांच्या संकेतस्थळावरील वाचकसंख्येत जेमतेम एका टक्काबिंदूची घट झाली होती. लाखोंच्या फॉलोअरसंख्येमागे प्रत्यक्ष वाचक किती थोडे असू शकतात, याचा हा ठोस पुरावा.

दोन टोकांच्या मधे काही मंच उभे आहेत. ट्विटरमध्येच २०१९ साली कल्पना म्हणून जन्मलेले ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने दोन कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला. त्यात वापरकर्ता स्वतःची शिफारस यादी निवडू शकतो, मात्र बहुसंख्य खाती अजून एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. मेटाचे थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आले, पाच दिवसांत दहा कोटींवर गेले आणि नंतर ॲक्टिव्हिटीपबशी टप्प्याटप्प्याने जोडले जाऊ लागले.

छोट्या सर्व्हरचा कच्चा दुवा म्हणजे तो चालवणारा माणूस. मॅस्टोडॉनचा ‘मॅस्टोडॉन डॉट एलओएल’ हा सर्व्हर चालकाच्या थकव्यामुळे २०२३ मध्ये बंद झाला. संकेतस्थळाच्या नावात अफगाणिस्तानचा प्रत्यय वापरणाऱ्या एका सर्व्हरचे नावच तालिबान राजवटीच्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, काढून घेतले गेले. शिवीगाळ आवरणे, तक्रारी पाहणे, खर्च भागवणे ही कामे हौसेवर फार काळ चालत नाहीत.

इथे कोल्हापूरकडे सांगण्यासारखे काही आहे. सहकार हा या जिल्ह्याचा हातखंडा. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडणारा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने उभा राहिला. ऊसनोंद, खत आणि बिले यांची माहिती गावातल्या केंद्रात मिळू लागली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तीच माहिती दिली. शेतकऱ्यांना ती पद्धत सोयीची वाटली आणि खर्चही खूप कमी आला. संस्था लोकांची असली तरी साधन हातातले, रोजचे असावे लागते, हा वारणेचा अनुभव विकेंद्रित मंचांच्या चाहत्यांनी मनावर घ्यायला हवा. परदेशात ‘सोशल डॉट कोऑप’ हा मॅस्टोडॉन सर्व्हर २०१७ पासून सभासदांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालतो. भारतात मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ‘प्रव’ ही संदेशसेवा सहकारी तत्त्वावर मांडली आहे.

सरकारी आणि सार्वजनिक यंत्रणांनी स्वतःचा सर्व्हर चालवण्याचा मार्ग आधीच धरला आहे. जर्मनीचे संघराज्य सरकार आणि नेदरलँड्सचे सरकार स्वतःचे मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतात. बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२३ मध्ये तसा प्रयोग सुरू केला. कारण व्यावहारिक आहे. ट्विटरने २०२३ मध्ये स्वयंचलित संदेशांवर मर्यादा आणल्या तेव्हा अमेरिकेच्या हवामान खात्याचे इशारे अडले. त्याच वर्षी जूनअखेरीस लॉगिन न करता ट्वीट वाचण्याची सोयही बंद झाली. मॅस्टोडॉनवरचा सार्वजनिक मजकूर खाते नसलेल्या माणसालाही सहसा वाचता येतो.

राजाराम बंधाऱ्याची पातळी, धरणांतला विसर्ग आणि बंद रस्ते यांची अधिकृत माहिती जिल्हा प्रशासनालाही अशा स्वतःच्या सर्व्हरवर प्रथम टाकता येईल. तिथून तीच नोंद, मूळ दुव्यासह, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जाईल. मग शाहूपुरीतल्या दुकानदाराला नवे ॲप शिकावे लागणार नाही, आणि फॉरवर्ड होऊन आलेला आकडा खरा की खोटा हे एका स्पर्शात तपासता येईल. लागणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. लागणारी माणसे शिवाजी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र आणि पत्रकारिता विभागांत, तसेच सहकारी संस्थांच्या कार्यालयांत आहेत. जिल्हा प्रशासन आणि विद्यापीठ यांनी मिळून हा सर्व्हर पुढचा पावसाळा येण्याआधी सुरू करावा.