टाक, वीरगळ आणि पूर्वजांचे सान्निध्य

मध्य आफ्रिकेतील गॅबन प्रदेशात फांग व कोटा या समाजांमध्ये पूर्वजांच्या अस्थी जतन करून त्यांवर रक्षक-प्रतिमा बसविण्याची चाल होती. फांगांच्या अस्थी झाडाच्या सालीच्या पेटीत असत व तिच्यावर काष्ठमूर्ती बसे. कोटांची प्रतिमाही लाकडीच, परंतु तांब्या-पितळेच्या पत्र्यांनी मढविलेली. ती अस्थींच्या करंडीवर उभी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा प्रतिमा पॅरिसमधील चित्रकारांच्या संग्रहांत पोहोचल्या, त्या बहुधा अस्थींवाचूनच. रक्षक उरला; ज्याचे रक्षण करावयाचे ते मागे राहिले.

महाराष्ट्रातील बहुतेक समाजांत दहनानंतर अस्थींचे विसर्जन होते. मग पूर्वजाला घरात स्थान कोठे? याचे एक उत्तर म्हणजे टाक होय. चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकून उठविलेली ही प्रतिमा देव्हाऱ्यात असते. मराठा, धनगर आदी अनेक घरांत खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी पूर्वजाचा टाकही 'वीर' म्हणून पूजिला जातो. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांना पिंड दिले जातात. टाकाला पिढ्यांची अशी मर्यादा नाही. नाव विस्मृतीत गेले तरी वीर राहतो. नाशिक येथे धुळवडीस हे वीर मिरवीत नेऊन गोदावरीत स्नान घालतात.

गावाच्या वेशीवर हेच कार्य वीरगळ करतो. सामान्यतः खालच्या चौकटीत युद्ध व मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गगमन, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा व माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्याचा क्रम असतो. हा शब्द कन्नड 'वीरगल्लु' यावरून आला. 'कल्लु' म्हणजे दगड. समासात 'क'चा 'ग' होणे कन्नड संधिनियमास धरून आहे. मुदखेडच्या परिसरातील कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर होते आणि पुढे हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांकडे गेला, हे ध्यानी घेता या उसनवारीचे नवल वाटत नाही. मात्र शब्द उसना म्हणून चालही उसनीच, असा निष्कर्ष काढता येणार नाही. सेट्टर व सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथावरून स्मृतिशिलांचा भारतभर असलेला विस्तार स्पष्ट होतो.

टाक आणि वीरगळ यांत अस्थी नाहीत. येथे प्रतिमा हेच पूर्वजाचे अधिष्ठान होय. म्हणून देव्हाऱ्यातून उचललेला टाक केवळ चांदी ठरतो आणि वेशीवरून हलविलेला वीरगळ केवळ शिल्प. त्यांची नोंद करताना आकार व वजन यांबरोबरच ते घर, ती वेस आणि पूजणाऱ्यांच्या तोंडचा शब्दही टिपला पाहिजे.