बोलणे लिहून घेणारा संगणक

चित्रफितीतील संवाद पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटतात, त्यांना उपशीर्षके म्हणतात. ती सलग कागदावर उतरविली की भाषणाची लेखी प्रत तयार होते. पूर्वी हे काम माणसे ध्वनिफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन करीत असत. १९ नोव्हेंबर २००९ रोजी गुगलने यूट्यूबवरील निवडक इंग्रजी चित्रफितींसाठी संगणकनिर्मित उपशीर्षकांची घोषणा केली. या कामातील अभियंते केन हॅरेनस्टीन हे स्वतः कर्णबधिर. तयार संहिता पुरविल्यास तिची वाक्ये आवाजाच्या वेळेशी जुळवून देण्याची सोयही त्याच वेळी झाली.

संगणक हे कसे साधतो? तो ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात कोणती कंपने किती तीव्र आहेत हे मोजतो आणि त्यांच्याशी जुळणारे शब्द शोधतो. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता असेल, याचाही अंदाज बांधतो. 'ओपनएआय'ने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'व्हिस्पर' ही प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकविली गेली. ती मराठीही लिहिते. मात्र, कोणीही न उच्चारलेली वाक्ये मध्येच लिहून टाकण्याची खोड तिच्यात आढळली आहे.

मराठीच्या अडचणी वेगळ्या. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक बोलताना फारसा ऐकू येत नाही. तो संदर्भावरूनच ठरवावा लागतो. बोलण्यातले 'केलं' तसेच ठेवायचे की 'केले' लिहायचे, हेही आधी ठरवावे लागते.

अचूकता मोजताना चुकलेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द एकत्र करून मूळ शब्दसंख्येशी त्यांची टक्केवारी काढतात. परंतु सर्व चुका सारख्या नसतात. 'उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही' या सूचनेतील शेवटचा शब्द गळला, तर हिशेबात एकच चूक धरली जाते. अर्थ मात्र नेमका उलटा होतो. शिवाय उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ऐकू येणाऱ्याला ही चूक तत्काळ कळते; केवळ वाचणाऱ्याला तिची शंकाही येत नाही.

म्हणूनच संगणकाने केलेले लेखन हा कच्चा खर्डा मानावा. तो मूळ आवाजाशी ताडून पाहताना नावे, आकडे आणि नकारार्थी शब्द आधी तपासावेत. संगणकामुळे लिहिण्याचे श्रम वाचतात. ऐकण्याची जबाबदारी माणसाकडेच राहते.