तडा सांधणारे हात

बुलढाण्याच्या उन्हाळ्यात पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम तडकला, की घरात हाल सुरू होतात. आमचा तडकला तेव्हा अब्बांनी आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापल्या सळईने वितळवून आत भरली. पॉलिथिनला गोंद धरत नाही. १९३३ साली ते इंग्लंडमध्ये अपघाताने सापडले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी ते कमी दाबावर बनवले. प्लास्टिकच्या कयाक होड्याही बहुधा त्याच्याच, आणि अशाच सांधतात.

अब्बा मूळचे कल्हईवाले. तांब्या-पितळेची भांडी गेली, तसा त्यांनी तोच हात प्लास्टिककडे वळवला. शोध लावणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत. सांधणाऱ्यांची नाहीत, ती आपणच लिहायला हवीत.